मधलं माणूस

१२ जानेवारी

ठमे,

तुझी आई गेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. हे मी आधीच्या पत्रातही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहितोय. फोन तर तुमच्या-आमच्या सरकारांनी सप्टेंबरपासूनच बंद करून ठेवलेत. टपालाच्या खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "पलीकडे पत्रं जातात का हो?" तो म्हणाला, "आम्ही घेतो." म्हटलं, "पण पोचतात का?" तर म्हणे, "काका, घेणं आमचं काम, पोचवणं तिकडच्यांचं." शिक्का मात्र असा हाणला की टेबल हाललं.

मला वाटलं होतं, लिहिताना तरी रडू येईल. नाही आलं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं चाललंय. शेजारच्या वहिनी डबा देतात. मी जेवतो, डबा घासतो, परत नेऊन देतो. परवा म्हणाल्या, "काका, एकदा रडून मोकळे व्हा." जसं काही मी मुद्दाम शिल्लक ठेवलंय!

दुसरी बातमी. दोन्ही देशांनी मिळून शाळेसाठी एक पुस्तक काढायचं ठरवलंय. दोन शेजारी देश, त्यांचा भूगोल, इतिहास, संस्कृती वगैरे. गंमत अशी की तुमच्या देशावर आम्ही लिहायचं आणि आमच्या देशावर तुम्ही. मग अदलाबदल करून एकमेकांनी चुका काढायच्या. ही कल्पना ज्याला सुचली त्याचा संसार बराच जुना असणार. तुमच्या देशाचा भूगोल माझ्याकडे आलाय. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षांनी विचारलं तेव्हा तुझ्या आईला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मी हो म्हणालो. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्यांनी बहुतेक नकारच धरून ठेवला होता.

शेवटची बैठक ऑगस्टमध्ये तुमच्याकडे आहे. मला तिकडे यायला मिळेल. मला तुझ्यासमोर बसून तुझ्या आईचं सांगायचंय. तू भेटशील का, एवढंच कळव. आणि हे पत्र मिळालं नसेल तर तसंही कळव, असं लिहिणार होतो. मास्तरकी गेली तरी असले विनोद जात नाहीत.

बाबा

९ मार्च

ठमे,

उत्तर नाही. तू रागावून गप्प आहेस की तुला मुळात काही कळलेलंच नाही, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही शक्य आहे. तू माझीच मुलगी आहेस.

समितीचे कागद एका सरकारी पिशवीतून जातात-येतात. ती पिशवी पोचते. कुणी म्हणेल, मग पत्र त्यातच का नाही घातलंत? खासगी कागद घालायला मनाई आहे, आणि मी तसं लिहूनही दिलंय. तुझी आई असती तर म्हणाली असती, "नियम तुम्हाला चिकटलेत की तुम्ही नियमांना?"

तुमच्या देशाचं प्रकरण लिहून होत आलं. आयुष्यभर शिकवला हा देश. पठारं, घाट, उत्तरेकडची खाणींची गावं, दक्षिणेचा मोठा गाळाचा प्रदेश. फळ्यावर न बघता काढायचो. पाय मात्र एकदाही ठेवला नाही. क्षेत्रफळाशी येऊन अडलोय. मधलं ते वरचं पठार तुम्ही तुमच्यात धरता, आम्ही आमच्यात. दोन्ही देशांची पुस्तकं खरी मानून बेरीज केली तर पृथ्वी थोडी मोठी होते. अध्यक्ष म्हणाले, "क्षेत्रफळ नकोच, 'विस्तीर्ण' लिहा." नदीचंही तेच. आमच्याकडे उगम पावते तेव्हा तिचं एक नाव, तुमच्यात शिरली की दुसरं. पोरींचंही लग्नानंतर तसंच होतं, असं आमच्या इतिहासवाल्यांनी म्हटलं आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

इतिहासवाल्यांची वेगळीच तऱ्हा. खिंडीतली ती मोठी लढाई आम्ही जिंकली असं आम्ही शिकवतो, तुम्ही जिंकली असं तुम्ही. महिनाभर वाद घालून शेवटी दोन वाक्यं मंजूर झाली. 'लढाई झाली. त्या वर्षी हिवाळा कडक होता.' एवढी माणसं मेली आणि शेवटी हवामानावर आलं. भूगोलाचा विजय म्हणायचा.

संस्कृतीवाल्या बाईंनी तुमच्याबद्दल लिहिलंय, 'येथील लोक कष्टाळू व अगत्यशील आहेत.' मी म्हटलं, "बाई, हे कुठल्याही देशाखाली छापलं तरी चालेल. काहीतरी दिसलं पाहिजे. सकाळी दार उघडून माणूस आधी काय करतो?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. सहा वर्षं माझी मुलगी तिथे राहते आणि तिच्या खिडकीतून काय दिसतं ते मला माहीत नाही.

तुझा फोन आला की तुझी आई स्पीकर लावायची. मी समोर पेपर घेऊन बसायचो. पान उलटायचो नाही, आवाज होतो म्हणून. नातीचा आवाज तेवढा ऐकलाय. तुझी आई तिला म्हणायची, "आजोबा इथेच आहेत हं, ऐकतायत." मी कधी नाही म्हटलं नाही.

तिचं कपाट परवा उघडलं. वहिनी म्हणाल्या, साड्या कुणाला तरी द्या, पडून खराब होतात. उभा राहिलो, बंद केलं. वाईट वाटलं म्हणून नव्हे. कशासाठी उघडलं तेच आठवेना.

तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते कळव. पुस्तकासाठी हवंय.

बाबा

१८ मे

ठमे,

तुमच्या बाजूचं प्रकरण आलं. आमच्या देशावरचं. मूळ तुमच्या भाषेत, सोबत आपल्या भाषेतलं भाषांतर. चुका काढायचं काम माझ्याकडे, कारण इतर तिघांना उन्हाळ्याची सुटी आणि मला घर.

भूगोल बरा आहे. आमच्या पश्चिमेच्या डोंगरांची उंची तुम्ही कमी लिहिलीये. मी वाढवली. इतिहास वाचला नाही, रक्तदाब आहे. मग संस्कृतीचा भाग. वर लिहिलंय, 'लग्नानंतर तिकडून इकडे आलेल्या एका शिक्षिकेने लिहिलेला.' अशा शिक्षिका तुमच्या देशात पाच-पन्नास तरी असतील, असं म्हणून पुढे वाचत गेलो.

तिसऱ्या पानावर हे आहे. जसंच्या तसं उतरवतोय.

'या देशात घरातली दोन माणसं भांडली तर ती बोलणं टाकत नाहीत. ती तिसऱ्या माणसामार्फत बोलतात. त्याला मधलं माणूस म्हणतात. प्रत्येक घरात असं एक असतं. दोघंही एकाच टेबलाशी बसलेली असतात. एक म्हणतो, "तिला सांग, चहा गार होतोय." दुसरी म्हणते, "त्यांना सांग, मला दिसतोय." मधल्या माणसाला निरोप पुन्हा उच्चारावा लागत नाही. ते नुसतं "ऐकलं" म्हणतं आणि आपलं काम करत राहतं. पण निरोप जिव्हारी लागणारा असेल तर मधलं माणूस तो बदलून देतं. घर सोडून निघालेल्या मुलीबद्दल वडील म्हणाले, "जा म्हणावं तिला," तर मधलं माणूस तिच्याकडे वळून म्हणतं, "सांभाळून जा म्हणतायत." मूळ निरोप दोघांनीही ऐकलेला असतो. तरी बदललेलाच खरा धरायचा, अशी तिथली रीत आहे.'

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

असा रिवाज आमच्याकडे नाही, ठमे. कुठल्याच देशाचा नसेल. हा एका घराचा आहे. त्या घरात तुझी आई होती, म्हणून तो चालला. तू लहानपणापासून तेच बघितलंस आणि तुला वाटलं, सगळीकडे असंच असतं. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण अशी चूक कुणी केली नव्हती. तुमच्यातला माणूस जावई म्हणून नको, असं मी म्हणालो होतो. नकाशात शिकवायला चालतो, उंबऱ्यात चालत नाही. आणि मग ते 'जा म्हणावं'. तुलाही ऐकू आलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण ते तू असं ठेवलं असशील, हे ठाऊक नव्हतं.

आणि खाली स्वाध्याय. 'तुमच्या घरात मधलं माणूस कोण? लेखिकेच्या माहेरी हे काम तिची आई आजही करते.'

म्हणजे तुला कळलेलंच नाही. एकही पत्र पोचलेलं नाही.

लाल पेन हातात होतं. वस्तुस्थितीची चूक दिसली की खाली रेघ मारायची आणि समासात योग्य माहिती लिहायची, असा नियम आहे. पिशवी दोन दिवसांत तुमच्याकडे पोचली असती. समासात तीन शब्द लिहिले असते की तुला कळलं असतं. नियमात बसत होतं, आणि तुला कळवायचा याहून पक्का रस्ता माझ्यापाशी नव्हता.

नाही लिहिलं. आईचं जाणं पोरीने समासात लाल शाईत वाचायचं? डोंगराच्या उंचीशेजारी?

पान तसंच ठेवलं. मग भांडी घासली.

बाबा

२७ जून

ठमे,

हे पत्र मिळणार नाही हे आता मला कळतं. तरी लिहितोय. खिडकीवरचा माणूस आता मला बघितल्याबरोबर शिक्का उचलतो.

आज समितीत तुझं पान निघालं. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही यावर खूण केलेली नाही. नजरचुकीने राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे असा रिवाज आपल्याकडे आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. पाण्याच्या तांब्यावर बशी होती. मी तिच्याकडे बघत म्हणालो, "आहे."

आयुष्यात मी चुकीचं उत्तर बरोबर म्हणून कधी दिलं नव्हतं. तू तर माझ्याच वर्गात भूगोलात अर्ध्या मार्कासाठी रडली होतीस. मी दिला नव्हता.

संस्कृतीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, हा रिवाज नव्हे, हा पुरुषांचा आळस आहे. आमच्याकडे मी आहे ना मधली, नवरा आणि सासरे. बारा वर्षं सांगतेय, थेट बोला." मग त्या थांबल्या. "म्हणजे, आहे तसा रिवाज."

इतिहासवाले खुर्चीत पुढे सरकले. मग खाकरून म्हणाले, "आमच्यात तिसरं कुणी नव्हतं. मांजर होतं. मी त्याला सांगायचो, विचार, डबा भरलाय का. ही त्याला सांगायची, म्हणावं डोळे असतील तर दिसेल."

"आणि मग मांजर गेल्यावर?" बाईंनी विचारलं.

"दुसरं आणलं. लगेच."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो असणार, कारण बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, किती दिवसांनी हो!" अध्यक्षांनी टेबलावर टिचकी मारली. "एकमताने मंजूर. राष्ट्रीय रिवाज. मांजर वगळून."

तर आता दोन देशांतली पोरं तुझी आई पाठ करणार. परीक्षेला येईल बहुतेक, चार मार्कांना.

स्वाध्यायातली ती शेवटची ओळही तशीच गेली. खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती शिक्षिका म्हणजे माझीच मुलगी, हे इतरांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला तपासनीस म्हणून काढलं असतं, आणि मग ऑगस्टमध्ये येता आलं नसतं. आता ऑगस्टशिवाय माझ्यापाशी काही नाही. तुला सांगणं तेवढं एक काम उरलंय. ते झालं की मला काहीतरी वाटायला लागेल, असं वाटतं. किंवा नाही लागणार. तेही कळेल.

बाबा

२१ ऑगस्ट, तुमच्या गावात

ठमे,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू खाली बाजारात गेली आहेस. तिथूनच पोरीला शाळेतून घेऊन येणार आहेस. तोवर हे लिहून व्हायला हवं.

मला वाटलं होतं, तुझ्या पत्त्यावर शोधत यावं लागेल. यादीत तुमच्या बाजूच्या लेखकांची नावं होती, पण लग्नानंतरची, आणि तुझं ते नाव मी कधी धड ऐकून घेतलं नव्हतं; तुझ्या आईच्या वहीतल्या पत्त्यावर तू नुसती ठमीच आहेस. सकाळी बैठकीच्या खोलीत शिरलो तर तू समोर. लांब टेबल, दोन चिमुकले झेंडे, मध्ये दुभाषा. केस कापलेस. पाटीवर तुझं नवं नाव. मला बघून तू उठलीस, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बसलीस. मीही बसलो. दोन देशांची माणसं बसली की पुन्हा उठायचं नसतं.

तुझी वेळ आली तेव्हा तू दुभाष्याकडे वळून तुमच्या भाषेत काहीतरी बोललीस. तो गोंधळला. मला म्हणाला, "बाई विचारतायत, आपल्या घरी सगळे बरे आहेत का? पण... बाईंना आपली भाषा येते ना?"

मी म्हणालो, "येते. सांगा त्यांना, बरे आहेत."

त्याने तुला सांगितलं. तू मान हलवलीस. इतिहासवाल्यांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते खाली मान घालून आपली पेन्सिल शोधायला लागले. पेन्सिल त्यांच्या हातातच होती.

मग चहाच्या वेळी तू गॅलरीत आलीस. सहा वर्षांनी पहिलं वाक्य, थेट, मध्ये कुणी नाही. "बाबा, आईला नाही आणलंत?"

मी म्हणालो, "गुडघे."

एवढंच निघालं तोंडातून. तुझ्या आईचे गुडघे खरंच दुखायचे, म्हणून तो शब्द हाताशी होता. तू म्हणालीस, "वाटलंच मला. टपाल बंद आहे दोन्हीकडून, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? मी तिला चार पत्रं लिहिली, चारही परत आली." मग म्हणालीस, "बाबा, इथे गुडघ्याला बांधायचे लोकरीचे पट्टे फार छान मिळतात. थांबा, आणते. पोरीचीही शाळा सुटेल. तिने आजीसाठी गाणं बसवलंय, तुम्ही परत गेलात की आईला सांगा." आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरूनही गेलीस. तू चालतेस अजून तशीच, टाचा वाजवत.

तू 'लोकरीचे' म्हणाली होतीस, तेवढ्यावर मला रडू आलं. इतके महिने काही नाही आणि मग एकदम सगळं. गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. संस्कृतीवाल्या बाई आल्या, काही न विचारता मला या खोलीत बसवून गेल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मला तुझी आई हवी आहे, ठमे. आत्ता. हे तुला तिने सांगायला हवं होतं. तिने असं सांगितलं असतं की तुला लागलंच नसतं. 'थोडी थकले होते गं, पडले जरा,' असं काहीतरी. मला तसं बोलता येत नाही. मला डोंगराची उंची सांगता येते.

ती दुपारी गेली. चहा झाला होता. मी आतल्या खोलीत होतो आणि ती बाहेरून म्हणाली, "ऐकलंत का, ठमीचे फोन कधी सुरू होणार म्हणे?" मी म्हणालो, "सरकारला विचार." मग काही आवाज नाही. थोड्या वेळाने बाहेर आलो तर मान कलली होती. घाबरलेली दिसत नव्हती. चिडलेलीही नाही. हे तुला सांगायचं होतं, की तिच्या तोंडी शेवटी तू होतीस. आणि हेही की मी उत्तर नीट दिलं नाही.

बेत असा होता की हे पत्र तुझ्या हातात ठेवायचं आणि तू वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं. पण ते म्हणजे पुन्हा कुणाला तरी मध्ये घालणं झालं. आता नाही.

खिडकीतून फाटक दिसतं. तुम्ही दोघी आलात. पोर एवढीशी आहे, शाळेच्या कपड्यांत, डोळे तुझ्या आईचे. पुडकं तिने तुझ्याकडून ओढून घेतलंय आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलंय. 'आजीचं मी देणार' म्हणत असणार. तू हसतेयस. वर बघून हात केलास. मीही केला.

तुम्ही जिना चढू नका, मीच खाली येतो. पत्र खिशात घालतोय. तुझी आई गेली, ठमे. पायऱ्या उतरताना हे एकदा मोठ्याने म्हणून बघतो.